ओढ कोठें लावावी?

गेल्या उंसाच्या हंगामांतील गोष्ट आहे. अवेळीं आलेल्या पावसानें काळें रान भिजलें होतें, आणि शेजारच्या मळ्यांतून उंसानें भरलेली ट्रॉली रस्त्यास लावतांना ती ट्रॅक्टरसुद्धां चिखलांत रुतली. मदतीस दुसरा ट्रॅक्टर आणला, तो मुरमाच्या पक्क्या रस्त्यावर उभा केला, आणि साखळी कोठें बांधावी याची वाटाघाट सुरू झाली. खालच्या दांडीस, म्हणजे ड्रॉबारास, बांधावी तर साखळी बांधाच्या मातींत घासत होती. "वर बांधा, म्हणजे ओढ सरळ लागेल," असें चार जाणत्या माणसांनीं सांगितलें. त्या चौघांत आम्हीही होतों. साखळी बैठकीच्या मागें, जेथें अवजाराचा वरचा दुवा, म्हणजे टॉप लिंक, अडकवितात त्या जागीं बांधली गेली. चालविणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा. त्यानें साखळी ढिली असतांनाच क्लच सोडला. साखळी ताणली गेली मात्र, आणि घोड्यानें पुढचे पाय उचलावे तसें ट्रॅक्टरचें तोंड वर उठलें. पुढचीं चाकें आमच्या छातीइतकीं वर गेलीं. सुदैवानें त्याच क्षणीं मुलाचा पाय क्लचवर पडला आणि ट्रॅक्टर धाडकन् खालीं आला. कोणास इजा झाली नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं, कारण दिलेला सल्ला आमचा होता आणि तो चुकीचा होता.

तो चुकीचा कां, हें नीट समजून घ्यावयाचें तर बल म्हणजे काय आणि त्यानें वस्तूस गति कशी मिळते, याचा मुळापासून विचार केला पाहिजे. हा विषय शाळेंतील मुलांचा, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें उलट आहे. शेतांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण दुसरें करतों तरी काय? नांगर ओढणें, गाडी हांकणें, धोंडा हलविणें, पोतें उचलणें, हीं सगळीं बलाचीं कामें आहेत. आपल्यास त्यांचा सराव आहे. फक्त हिशेब ठाऊक नाहीं, आणि बैलांच्या काळीं जी चूक खांद्यावरच्या जखमेवर भागत असे, तीच यंत्राच्या काळीं माणसाच्या जिवावर बेतते.

बल म्हणतांच आपल्या मनांत जोराचा विचार येतो. किती किलोचा रेटा, किती अश्वशक्तीचें इंजिन. परंतु बलाची ओळख नुसत्या मापानें पुरी होत नाहीं. तें कोणत्या दिशेनें लागतें आणि वस्तूच्या कोणत्या ठिकाणीं लागतें, ह्या दोन गोष्टी मापाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहारीचें उदाहरण घ्या. दीड मीटर लांबीची पहार धोंड्याखालीं घालून टोंकापासून पंधरा सेंटिमीटरांवर टेंकू दिला, तर दुसऱ्या टोंकास दिलेला ३० किलोंचा भार धोंड्यावर २७० किलोंचें काम करितो. माणूस तोच, त्याचा जोर तोच. टेंकूपासूनचें अंतर नऊपट, म्हणून परिणाम नऊपट. बल आणि टेंकूपासूनचें अंतर यांचा गुणाकार लक्षांत ठेवावा. सारा उलगडा शेवटीं ह्याच गुणाकारावर होणार आहे.

आतां गतीकडे वळूं. वस्तु चालती ठेवण्यास बल सतत लावावें लागतें, असें हजारों वर्षें विद्वानांनाही वाटत होतें, आणि गाडीवानाचा अनुभवही वरवर पाहतां तोच आहे. बैल थांबले कीं गाडी थांबते. इटलींतील गॅलिलिओनें ही समजूत प्रथम हलविली आणि इंग्लंडांत न्यूटननें १६८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत गतीचे तीन नियम मांडून ती कायमची मोडून काढली. पहिला नियम असा कीं, बाहेरून बल लागलें नाहीं तर थांबलेली वस्तु थांबलेलीच राहते आणि चालती वस्तु त्याच वेगानें सरळ चालत राहते. गाडी थांबते ती बैल थांबले म्हणून नव्हे. माती, आंस आणि चाक यांचें घर्षण तिला मागें ओढत असतें म्हणून. वस्तूच्या ह्या हट्टास जडत्व म्हणतात. भरली गाडी जागची हलवितांना बैल मान खालीं घालून सारें अंग टाकतात आणि एकदां ती चालूं लागली म्हणजे शेंपटी हलवीत जातात, त्यांतील कांहीं भाग ह्या जडत्वाचा आहे आणि कांहीं भाग चाकाखालीं बसलेल्या मातीचा.

दुसरा नियम हिशेबाचा आहे. जितकी वस्तु जड आणि जितका वेगांतील बदल जलद, तितकें बल अधिक. 'जलद' ह्या शब्दाकडे आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें, कारण साखळ्या तुटतात त्या ओझ्यानें नव्हे, ह्या जलदपणानें तुटतात. २,००० किलो वजनाचा ट्रॅक्टर ताशीं ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीनें, ढिली साखळी घेऊन निघाला आणि साखळी ताणली जातांच ५ सेंटिमीटरांच्या आंत अडकून थांबला, तर त्या क्षणीं साखळीवर सरासरी ३,९०० किलोंच्या आसपास ओढ येते. तोच ट्रॅक्टर साखळी आधीं ताणून, क्लच सावकाश सोडून ओढूं लागला, तर एवढी ओढ त्याच्या चाकांच्या पकडींतून निघणेंच शक्य नाहीं. वेग दुप्पट केला तर झटका चौपट होतो. तुटलेल्या साखळीचें टोंक मागें बसलेल्या माणसाच्या अंगावर कशा वेगानें येतें, हें ज्यांनीं एकदां पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

घर्षण हा शेतकऱ्याचा शत्रु आहे आणि मित्रही आहे. शत्रु कसा तें बैलगाडीवर पाहूं. हवा भरलेल्या रबरी चाकांच्या गाडीस डांबरी सडकेवर दर १,००० किलो वजनामागें ढोबळ मानानें २० किलोंची ओढ पुरते. तीच गाडी नांगरलेल्या भुसभुशीत रानांत घातली कीं १०० ते २०० किलो लागतात. बैल दिवसभर न थकतां जी ओढ देऊं शकतो ती त्याच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी धरतात. चारशें किलोंचा बैल असेल तर जोडीची मिळून ८० किलो झाली. क्षणभर ते याच्या कितीतरी पट जोर करतात, पण तो क्षणभरच. आतां उंसासकट २,००० किलोंची गाडी सपाट सडकेवर ४० किलोंत चालते, म्हणजे बैलांस ती जड नाहीं. वाटेंत वीस मीटर गेल्यावर एक मीटर चढणारा चढ लागला, तर वजनाचा विसावा हिस्सा, १०० किलो, त्यांत आणखी मिळतात. एकूण १४० झाले. दहास एक असा चढ असेल तर २४० किलो. डोळ्यांस चढ लहानसा दिसतो, पण बैलांच्या हिशेबांत ओढ सहापट झालेली असते. सपाट सडकेवर गाडी हलकी चालते म्हणून कारखान्याच्या वाटेवर मोळ्यांवर मोळ्या चढविणारे लोक हा चढ मोजत नाहींत. गाडींत किती माल भरावा याचे नियम सरकारनें १९६५ सालींच केलेले आहेत. ते बहुतेक ठिकाणीं कागदावर राहिले आहेत.

उतरणीवर उलट प्रकार होतो. वीसास एक अशा उतारावर तीच गाडी १०० किलोंच्या बळानें पुढें धांवूं पाहते, घर्षण ४० किलोंनीं तिला अडवितें, आणि उरलेले ६० किलो बैलांच्या मानेवर मागून येतात. बैल ओढण्यासाठीं जुंपलेला असतो, अडविण्यासाठीं नव्हे. पण बिचाऱ्यास तेंही करावें लागतें. शिवाय दोनचाकी गाडींत दुसरी एक गोष्ट घडते, ती पुष्कळ गाडीवानांच्याही ध्यानांत येत नाहीं. मालाचें सारें वजन जणू एका बिंदूंत एकवटलेलें असतें. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. उंसाच्या मोळ्या उंच रचल्या म्हणजे हा बिंदु आंसाच्या बराच वर जातो. तो ८० सेंटिमीटर वर आहे असें धरा. वीसास एक उतार लागतांच तो आंसाच्या ४ सेंटिमीटर पुढें सरकतो. २,००० किलो गुणिले ४, भागिले आंसापासून जुंवाचें अंतर ३०० सेंटिमीटर, म्हणजे २७ किलो दोन्ही मानांवर मिळून जादा पडतात. चढावर तितकेच किलो जूं वर उचलतात आणि जोतें बैलाच्या गळ्यास लागतें. म्हणून माल उंच रचण्यापेक्षां पसरून रचावा, आणि भरतांना थोडासा भार जुंवावर राहील असा तोल पाहावा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं आपण बैलांची खांदेमळणी करतों. हळद आणि तूप चोळून त्यांच्या खांद्यांस आराम देतों. वर्षांतून एक दिवस हा उपचार करण्याची रीत गोड आहे, पण तोल नीट साधला तर खांद्यास बाकीचे दिवसही बरे जातील.

घर्षण मित्र कसा, हें तिसऱ्या नियमावरून कळतें. एक वस्तु दुसरीस जितक्या जोरानें ढकलते तितक्याच जोरानें दुसरी पहिलीस उलट ढकलते. येथें एक जुना पेंच आहे. बैल गाडीस पुढें ओढतो तितक्याच जोरानें गाडी बैलास मागें ओढते, तर मग दोघे हलतात कसे? उत्तर जमिनींत आहे. बैल खुरांनीं जमीन मागें रेटतो आणि जमीन त्यास पुढें रेटते. हा पुढचा रेटा गाडीच्या मागच्या ओढीहून अधिक झाला म्हणजे जोडी चालूं लागते. सारांश, गाडी शेवटीं जमीनच पुढें नेते, बैल फक्त तिच्याकडून तें काम करून घेतात. जमीन गुळगुळीत असली, डांबरावर पाणी पडलें असलें, तर बैलाच्या अंगांत कितीही बळ असो, खूर सरकतो आणि तो गुडघ्यांवर येतो. म्हणून सडकेवर चालणाऱ्या बैलांस नाल ठोकतात. ट्रॅक्टरचेंही हेंच आहे. इंजिन पन्नास अश्वशक्तीचें असो कीं साठ, मागच्या चाकांस जमिनीची जितकी पकड मिळते त्याहून अधिक ओढ त्यास देतां येत नाहीं. कोरड्या टणक जमिनीवर ही पकड चाकांवरील वजनाच्या सत्तर-ऐंशीं टक्क्यांपर्यंत जाते; चिखलांत ती फारच थोडी राहते, आणि मग चाकें जागच्या जागीं फिरून खड्डा करतात.

दिशेचा विचार नांगराच्या नाड्यावरून चांगला समजतो. नांगर जमिनींत, जूं बैलांच्या खांद्यावर. म्हणून नाडा तिरपाच जातो. ओढ ८० किलोंची आणि नाड्याचा जमिनीशीं कोन २० अंशांचा असेल, तर त्यांतील ७५ किलो नांगरास पुढें नेतात आणि २७ किलो त्यास वर उचलतात. नाडा आंखडून कोन ३० अंशांचा केला तर ८० पैकीं ६९ किलोच पुढें जातात आणि ४० वर जातात. बैलांचें श्रम तेंच, मात्र तास उथळ, आणि जुंवावर खालीं पडणारा भार दीडपट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें लोखंडी नांगर बाजारांत आणला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी भीति लोकांस वाटत होती. तो विकला जाण्यास बरेच दिवस लागले. आज ती भीति आठवून आपण हंसतों. परंतु अशा लोखंडी नांगराच्या तोंडाशीं साखळी अडकविण्यासाठीं एकाखालीं एक अशीं जीं भोंकें असतात तीं कशासाठीं, हें किती जणांस सांगतां येईल? साखळी वरच्या भोंकांत घातली कीं ओढ नांगराचें तोंड खालीं दाबते आणि तास खोल जातें. खालच्या भोंकांत घातली कीं तें उथळ होतें. ओढ तीच असून ती लावण्याची जागा दोन बोटें सरकली कीं काम बदलतें. आमच्या लहानपणीं वडील माणसें तास उथळ होऊं लागला म्हणजे रुमण्यावर भार देत. भोंक बदलीत नसत. दिवसभर नांगरावर रेलून चालण्यापेक्षां एक आंकडा काढून दुसरीकडे घालणें सोपें होतें, पण तें कोणी सुचविलें नाहीं.

आतां आमच्या चुकीकडे येतों.

ट्रॅक्टरचें वजन २,००० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आंसाच्या ७० सेंटिमीटर पुढें आहे असें धरूं. मध्यम आकाराच्या ट्रॅक्टरास हे आंकडे साधारण जुळतात. मागचीं चाकें जमिनीस जेथें टेंकतात तो बिंदु म्हणजे आपल्या पहारीचा टेंकू. वजन ट्रॅक्टरचें तोंड खालीं धरून ठेवतें, त्याचा गुणाकार २,००० गुणिले ७०, म्हणजे १,४०,०००. मागें बांधलेली ओढ त्याचें तोंड वर उचलूं पाहते, तिचा गुणाकार ओढ गुणिले जमिनीपासून साखळीची उंची. हे दोन गुणाकार ज्या क्षणीं सारखे होतील त्या क्षणीं पुढचीं चाकें जमीन सोडतील. साखळी ड्रॉबारास, जमिनीपासून ४० सेंटिमीटरांवर बांधली असेल तर त्यासाठीं ३,५०० किलोंची ओढ लागेल. एवढी पकड चाकांस कोठेंही मिळत नाहीं. ओढ त्या मानानें वाढण्यापूर्वींच चाकें घसरूं लागतात. म्हणजे खालीं बांधलेल्या साखळीनें सरळ ओढतांना घर्षणच आपला पहारेकरी होतें. साखळी एक मीटर उंचीवर बांधली तर १,४०० किलोच पुरे. कोरड्या पक्क्या रस्त्यावर तेवढी पकड मिळते, आणि आमचा मदतीचा ट्रॅक्टर नेमका पक्क्या रस्त्यावर उभा होता. वर ढिल्या साखळीचा झटका आला. त्या मुलाच्या हातून चूक झाली ती एवढीच कीं क्लच त्यानें एकदम सोडला. बाकीचें सारें आम्ही जाणत्यांनीं जुळवून दिलें होतें.

चाकें जमिनीवर फिरूं शकत नसतील तर प्रकार याहून वाईट होतो. चाक चिखलांत पुरतें रुतलें, किंवा बाहेर काढण्यासाठीं चाकापुढें ओंडका बांधून टाकला, म्हणजे इंजिनाचें बळ चाक फिरवूं शकत नाहीं. पण तिसऱ्या नियमाप्रमाणें तें कोणास तरी फिरविणारच. मग चाक स्थिर राहतें आणि ट्रॅक्टरचें धडच आंसाभोंवतीं मागें फिरूं लागतें. हें सारें किती वेळांत घडतें? तोंड उठूं लागल्यापासून, जेथून परत येणें नाहीं त्या कोनापर्यंत जाण्यास सुमारें पाऊण सेकंद लागतें. धोका ओळखावा, मनानें ठरवावें आणि पायानें क्लच दाबावा, एवढ्यासाठीं माणसास तितकाच वेळ लागतो. त्या मुलाचा पाय वेळेवर पडला याचें कौतुक करावें तितकें थोडें, परंतु त्यावर भरंवसा ठेवून कोणी साखळी बांधूं नये.

ह्या संकटाचा इतिहास जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत आयर्लंडांत धान्याची लागवड वाढविण्यासाठीं ट्रॅक्टर आले, आणि १९१७ मध्यें तेथील शेतकीखात्यानें हॅरी फर्ग्युसन नांवाच्या यंत्रज्ञास त्यांच्या नांगरटीची पाहणी करण्यास नेमलें. त्या वेळचे हलके ट्रॅक्टर मागें नांगर ओढीत. नांगर दगडास अडला कीं चाकें चालूंच राहत आणि ट्रॅक्टर मागें उलटून चालकाच्या अंगावर येई. फर्ग्युसननें पुढें कित्येक वर्षें खपून यावर उपाय काढला. अवजार साखळीनें ओढण्याऐवजीं तें तीन दुव्यांनीं ट्रॅक्टरास जोडावयाचें. खालचे दोन दुवे ओढतात आणि वरचा एक दुवा रेटतो. नांगर अडला म्हणजे तो पुढें कलंडूं पाहतो, वरच्या दुव्यानें ट्रॅक्टरास पुढें रेटतो आणि त्याचें तोंड उलट जमिनीवर दाबलें जातें. जें बल पूर्वीं ट्रॅक्टर उलटवीत होतें तेंच त्यास आतां आवरून धरूं लागलें. १९३६ मध्यें ह्या पद्धतीचा ट्रॅक्टर विक्रीस आला, १९३९ मध्यें अमेरिकेंत फोर्डनें ती उचलली, आणि आज आपल्या गांवोगांवचे ट्रॅक्टर तीच तीन दुव्यांची जोडणी वापरतात. मॅसी फर्ग्युसन ह्या नांवांतील फर्ग्युसन तो हाच.

आमच्या चुकीचें खरें मोठेपण आतां वाचकांस कळेल. वरच्या दुव्याची ती जागा ट्रॅक्टरास पुढें रेटण्यासाठीं, त्याचें तोंड दाबून धरण्यासाठीं योजलेली. आम्ही तेथें साखळी बांधून तिला मागें ओढलें. जी जागा माणसाचा जीव वांचविण्यासाठीं एका माणसानें आयुष्य वेंचून शोधून काढली, तीच आम्ही, जवळ होती आणि चिखल लागलेली नव्हती म्हणून, उलट कामास लावली.

बाजूस उलटण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. वळणावर ट्रॉली सरळ जाऊं पाहते. हा पहिलाच नियम. तिला वळविण्यासाठीं लागणारें बल वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं २० किलोमीटर वेगानें गेलें तर तें वजनाच्या ३१ टक्के होतें, २४ किलोमीटर वेगानें ४५ टक्के. ट्रॉलीच्या चाकांतील अंतर १६० सेंटिमीटर आणि भरलेल्या उंसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १८० सेंटिमीटर वर असेल, तर ती ४४ टक्क्यांस कलंडते. ताशीं चार किलोमीटरांचा काय तो फरक. रस्ता बाहेरच्या बाजूस दहास एक असा उतरता असेल तर तीच ३३ टक्क्यांवरच जाईल, म्हणजे विसाच्या वेगासही जवळजवळ वाव उरत नाहीं. रात्रीं रिकामा परत येणारा चालक ज्या वेगानें हें वळण घेतो, त्याच वेगानें तो सकाळीं भरून जातांना घेतो; सवय वजन मोजीत नाहीं.

उपाय कोणते, तर साखळी नेहमीं ड्रॉबारासच लावावी आणि ती आंसाच्या उंचीवर कधींही जाऊं देऊं नये. ती मातींत घासत असेल तर फावडें घेऊन माती काढावी. त्यास दहा मिनिटें लागतात. ट्रॅक्टर रुतला असेल तर प्रथम चाकांमागची माती उकरून तो मागल्या गतीनें काढून पाहावा, कारण मागें जातांना इंजिनाचा उलटा रेटा तोंड उचलीत नाहीं, दाबतो. चाकापुढें ओंडका बांधूं नये. ट्रॉली रिकामी करण्याचा कंटाळा करूं नये. रुतलेल्या ट्रॉलींतून अर्ध्या मोळ्या उतरविल्या कीं तिला लागणारी ओढ पुष्कळ कमी होते. साखळी आधीं ताणावी, मग ओढावी, आणि ओढतांना तिच्या रेषेंत कोणी उभें राहूं नये. स्वीडनमध्यें १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या डोक्यावर भक्कम लोखंडी चौकट बसविण्याची सक्ती केली आणि त्यानंतर उलटून मरणारांची संख्या तेथें फार खालीं आली. आपल्याकडील पुष्कळ ट्रॅक्टरांवर अशी चौकट नसते. उन्हासाठीं जें पत्र्याचें छप्पर घालतात तें सावली देतें, ट्रॅक्टरचें वजन पेलीत नाहीं. नवा ट्रॅक्टर घेणारानें रंग आणि गाण्याची पेटी पाहण्यापूर्वीं ह्या चौकटीची चौकशी करावी, आणि चौकट असेल तर कमरेचा पट्टाही लावावा. पट्टा नसेल तर माणूस चौकटीबाहेर फेंकला जाऊन तिच्याच खालीं सांपडतो.

त्या मुलाच्या घरीं आम्ही दुसऱ्या दिवशीं गेलों आणि कागदावर वरचे दोन गुणाकार मांडून दाखविले. त्याच्या वडिलांनीं ते शांतपणें ऐकले आणि विचारलें कीं, मग बांधावरून साखळी घासत होती त्याचें काय करावयाचें? प्रश्न रास्त होता. तिसऱ्या प्रहरीं तिघांनीं मिळून तो बांध ट्रॅक्टर जाण्याच्या जागीं फोडला, दोन्हीं बाजूंस मुरूम टाकून उतार वीसास एक केला, आणि ड्रॉबाराच्या कडीस तांबडा रंग दिला.